भंगारात आलेला डबा कोणाच्या घरी उघडतो?

(लालबाग-परळ भागातील महिला मंडळे आणि कचरावेचक बायांचे गट यांच्या दादर येथील एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघी-तिघींनी मला सरळच विचारलं की हे अणुबिणूचं प्रकरण आपल्यात कशाला? आपण रेशन, पाणी, मारझोड, पोटगी यांवर बोलणाऱ्या बाया. किरणोत्सर्गाचं काय ते अणुशक्तीनगरचे लोक बघतील. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही आधीच देते. किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं यंत्र चोरीला जातं किंवा हरवतं, तेव्हा ते बहुतेक वेळा भंगारात जातं. आणि भंगार कोण वेचतं, कोण निवडतं, कोणाच्या खोलीत रात्री त्याच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आधी हे यंत्र काय असतं ते समजून घेऊ. बॉयलर, जहाज, गॅसची किंवा तेलाची पाइपलाइन, रिफायनरीची टाकी यांत लोखंडाचे जोड वेल्डिंगने केलेले असतात. जोड आतून पक्का आहे का, पोकळी राहिली आहे का, हे वरून दिसत नाही. मग आपल्या छातीचा एक्स-रे काढतात तसा त्या जोडाचा फोटो काढतात. बांधकामावर, उंच पाइपांवर मोठं एक्स-रे यंत्र नेणं अवघड, म्हणून एक लहान यंत्र वापरतात. त्याला रेडिओग्राफी कॅमेरा म्हणतात. नाव कॅमेरा, पण दिसतो जाड हँडलच्या पेटीसारखा. वजन वीस-पंचवीस किलो. आत इरिडियम-१९२ नावाच्या किरणोत्सर्गी धातूची एक कुपी असते. कुपी केवढी? करंगळीच्या नखापेक्षा लहान. ती लोखंडी दोरीच्या एका टोकाला बसवलेली असते. फोटो काढताना लांबून दांडा फिरवून तिला पेटीबाहेर ढकलतात, काम झालं की परत आत ओढतात. पेटी इतकी जड असते कारण किरण अडवायला आत शिसं किंवा शिशापेक्षाही जड धातू भरलेला असतो.

कुपी पेटीत असेल तोवर धोका फारसा नाही. बाहेर आली की ती हातात धरणाऱ्याचा हात जाळते. जाळते म्हणजे लगेच नाही. गरम लागत नाही, वास नाही, चव नाही, दुखत नाही. काही तासांनी उलट्या होतात, काही दिवसांनी कातडी लाल होते, फोड येतात, मग मांस सडायला लागतं. तोपर्यंत ती वस्तू घरात कुठे ठेवली होती हेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे काम पुष्कळदा रात्री चालतं, इतर कामगार साइटवर नसताना. ते करणारी मुलं बऱ्याचदा कंत्राटी असतात. यंत्र टेम्पोतून, जीपमधून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेलं जातं. चोराला दिसतं ते एवढंच की एक पेटी आहे, चांगली जड आहे, म्हणजे आत किमती धातू असणार. भंगाराच्या धंद्यात वजनाला पैसे. तुम्ही स्वतः शिसं, पितळ, तांबं वेगळं काढता ते भाव जास्त म्हणूनच ना? चोराचं गणितही तेच. जे लोकांना वाचवण्यासाठी जड केलं, तेच जडपण त्याला चोरीला लावतं.

मेक्सिकोत एप्रिल २०१५ मध्ये टबॅस्को राज्यात असंच यंत्र ट्रकमधून चोरीला गेलं. तिथल्या सरकारने पाच राज्यांत जाहीर इशारा दिला की अशी पेटी दिसली तर हात लावू नका, उघडू नका, दूर राहा आणि कळवा. काही दिवसांनी यंत्र सापडलं. हे मुद्दाम सांगते, कारण चोरी लपवायची की गावाला सांगायची, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता घरात काय होतं ते पाहू. पेरू देशात यानांगो इथे जलविद्युत केंद्राचं काम चालू होतं. २० फेब्रुवारी १९९९ ला एका वेल्डरला अशी सुटलेली कुपी पडलेली दिसली. त्याने ती उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली आणि काम करत राहिला. संध्याकाळी घरी गेला. पाय दुखतो म्हणून पँट काढून ठेवली. त्याची बायको लहान बाळाला पाजायला बसली ती त्या पँटवर. थोडाच वेळ बसली असेल. त्याच रात्री कंपनीची माणसं शोधत आली म्हणून ते घर वाचलं. त्याचा पाय काढावा लागला. तिच्या कंबरेखाली जखम झाली. तिने काय केलं होतं? बाळाला दूध पाजलं होतं.

मोरोक्कोतल्या मोहम्मदियात १९८४ मध्ये वीज केंद्राच्या बांधकामावरून एका मजुराने अशीच कुपी घरी आणली. ती काही आठवडे घरात राहिली. त्या घरातली आठ माणसं गेली. इजिप्तमध्ये मीत हल्फा गावात २००० साली एका शेतकऱ्याने सापडलेली कुपी किमती धातू समजून घरात ठेवली. तो आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा मेला, घरातल्या बाकीच्यांना जखमा झाल्या. या दोन्ही ठिकाणी डॉक्टरांना सुरुवातीला कळलंच नाही. घरात एकामागून एक माणूस आजारी पडतं म्हटल्यावर साथीचा रोग असेल, विषबाधा असेल असंच वाटतं.

एस्टोनियाची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ऑक्टोबर १९९४ मध्ये तीन भाऊ किरणोत्सर्गी कचऱ्याच्या कोठारात शिरले, धातू चोरायला. एकाने सिझियमचा तुकडा कोटाच्या खिशात घालून घरी आणला. तो बारा दिवसांत वारला, आणि दवाखान्यात मृत्यूचं कारण वेगळंच लागलं. तुकडा स्वयंपाकघरातल्या खणात राहिला. त्या घरात त्याची बायको होती, तिचा तेरा वर्षांचा मुलगा होता, म्हातारी आजी होती. पोराने खणातून ती वस्तू काढून हाताळली. त्याचे हात भाजलेले बघून एका डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला, तोवर तीन-चार आठवडे गेले होते. चोर पुरुष, चोरी बाहेर. पण वस्तू येऊन पडली कुठे? स्वयंपाकघरात. तिथे दिवसभर कोण असतं?

आणि आता ब्राझीलमधलं गोयानिया. हे यंत्र कारखान्यातलं नव्हतं, कॅन्सरच्या दवाखान्यातलं होतं, पण चोरीची रीत तीच. दवाखाना दुसरीकडे गेला, यंत्र जुन्या इमारतीत सोडून. १३ सप्टेंबर १९८७ ला दोघांनी ते फोडून आतला भाग नेला आणि भंगारवाल्याला विकला. आत सिझियमची पूड होती, अंधारात निळी चमकणारी. भंगारवाल्याला ती इतकी आवडली की त्याने नातेवाइकांना, शेजाऱ्यांना थोडी थोडी वाटली. एका सहा वर्षांच्या मुलीने ती अंगाला लावली आणि त्याच हातांनी जेवली.

घरातल्या माणसांना उलट्या, जुलाब सुरू झाले. दवाखान्यात कोणी म्हणालं खाण्यातून बाधा, कोणी म्हणालं उष्ण प्रदेशातला रोग. भंगारवाल्याच्या बायकोने मात्र जोडून पाहिलं की ही वस्तू आल्यापासून सगळे आजारी पडतायत. नवऱ्याचा त्या वस्तूवर जीव. तरी तिने उरलेला ऐवज पिशवीत भरायला लावला आणि दुकानातल्या एका कामगाराला बरोबर घेऊन बसने आरोग्य कार्यालयात गेली. तिथे जाऊन म्हणाली की हे माझ्या माणसांना मारतंय. तारीख २८ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र लावून तपासलं तेव्हा खरं काय ते कळलं. अग्निशामक दल ती पिशवी नदीत फेकायच्या बेतात होतं, त्याने ते थांबवलं. पुढे एक लाख बारा हजार माणसांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सर्गी पदार्थ सापडला. चौघं मेली. ती बाई, ती सहा वर्षांची पोर आणि दुकानातले दोन तरुण कामगार.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अहवालात या बाईचा उल्लेख आहे एम. एफ. १ असा. अहवालांची ती पद्धत असते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढ्या मोठ्या शहराला वाचवणारी बाई आपल्या मुलींच्या कोणत्याही पुस्तकात नाही, ही तक्रार आहे. अजून एक गोष्ट त्याच अहवालात आहे. तिची आई तिची शुश्रूषा करायला आली होती. दोन दिवस राहून परत गेली ती तो पदार्थ अंगाकपड्यांवर घेऊनच. आजारी लेकीकडे आई जाते. कुठल्या सुरक्षा-नियमांत याचा विचार केलेला असतो?

तुम्ही म्हणाल, या सगळ्या लांबच्या गोष्टी. मग दिल्लीला या. मायापुरीचा भंगार बाजार, २०१० साल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ मध्ये घेतलेलं कोबाल्ट-६० चं एक यंत्र १९८५ पासून न वापरता पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने ते लिलावात भंगार म्हणून विकलं. चोरसुद्धा लागला नाही! मायापुरीत कामगारांनी ते हातांनी तोडलं. एकाने चकचकीत तुकडा पाकिटात घातला आणि पाकीट खिशात. आठ जण दवाखान्यात गेले, एप्रिलच्या शेवटी एक कामगार वारला. शिकल्यासवरल्या प्राध्यापकांच्या विभागात खोलीतल्या यंत्रात काय आहे हे विसरलं जातं, आणि दंड भरतो तो रोजंदारीवर हातोडा चालवणारा.

त्याहून जवळ या, खोपोलीला. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. बटणं बसवण्याचं काम करणाऱ्या सुमारे वीस कामगारांना त्याचे किरण लागले होते, सुदैवाने थोडे. पोलाद भारतातून गेलेलं होतं आणि माग निघाला तो आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. म्हणजे कुठूनतरी कोबाल्टचा तुकडा भंगारात आला आणि भट्टीत वितळला. तो भट्टीपर्यंत पोचण्याआधी कोणाकोणाच्या हातांतून गेला असेल? फ्रान्समधल्या वीस कामगारांची मोजणी झाली. भंगाराच्या ढिगात निवडायला बसलेल्या बायांची मोजणी करायला मोजणीचं यंत्र घेऊन कोण जातं?

मे २०२१ मध्ये मुंबईत एटीएसने दोघांना पकडून सात किलोंवर नैसर्गिक युरेनियम जप्त केलं. त्याची किंमत २१ कोटी सांगितली गेली आणि वर्तमानपत्रांनी तोच आकडा मथळ्यात घेतला. मग बॉम्ब, दहशतवाद, राष्ट्रीय तपास यंत्रणा. नैसर्गिक युरेनियमचे किरण इरिडियम-कोबाल्टच्या मानाने फार कमी, हे खरं. पण मी वाचलेल्या बातम्यांपैकी एकीतही हे नव्हतं की ते ज्या घरांत ठेवलं होतं तिथल्या बायकापोरांना कोणी तपासलं का. धोका म्हटला की सगळ्यांना बॉम्ब दिसतो, मला खण दिसतो.

मुंबईत ही यंत्रं असणार हे तुम्ही नकाशा डोळ्यांपुढे आणलात तरी कळेल. पूर्वेला गोदी, माहुलच्या रिफायनऱ्या, पलीकडे ठाणे-बेलापूरचे कारखाने. देशातली ही उपकरणं ज्या सरकारी मंडळाकडून पुरवली जातात ते वाशीला आहे. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी अणुऊर्जा नियामक परिषद १९८३ पासून आहे, तिची कचेरी अणुशक्तीनगरला, म्हणजे आपल्या या सभागृहापासून एका बसच्या अंतरावर. आणि भंगार? रे रोडचं दारूखाना, जिथे जहाजं तोडतात, ते लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर. कुर्ला, धारावी, मानखुर्द तुम्हाला माहीतच आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, घरातल्या पुरुषाचा पगार गेला, तेव्हा गिरणगावातल्या किती बाया खानावळी, भाजी, घरकाम यांत गेल्या हे आपण सांगतो. भंगार-कागद वेचण्यात ज्या गेल्या, त्यांचं कौतुक फारसं होत नाही. ते काम आपल्याकडे दलित बायांच्याच वाट्याला आलं, हेही आपण सांगायचं टाळतो.

चुकीची भीती पसरवायला मी आलेली नाही. रोज गोणीत येणाऱ्या हजारो वस्तूंत अशी वस्तू आयुष्यात एकदाही न येण्याचीच शक्यता जास्त. इरिडियमचा जोर ७४ दिवसांत निम्मा होतो, वर्षभरात साधारण तिसावा हिस्सा उरतो. कोबाल्टला निम्मं व्हायला पाच वर्षांवर लागतात, सिझियमला तीस. पण आली तर काय करायचं हे ठाऊक असायला हवं, आणि ते थोडक्यात असं आहे. छोटी असून वजनाला फार जड, घट्ट बंद केलेली धातूची पेटी किंवा गोळा. त्यावर पिवळ्या रंगात काळी तीन पाती. दिसायला पंख्यासारखी. ती फोडायची नाही, दगडाने ठेचायची नाही, पाण्यात टाकायची नाही, नेऊन दाखवायचीही नाही. लांब व्हायचं, पोरांना लांब करायचं. दुप्पट अंतरावर गेलात की किरण चौथाई होतात, दहापट लांब गेलात की शंभरावा हिस्सा. मग ११२ ला फोन. त्यांना ‘डबा सापडला’ असं न सांगता ‘तीन पात्यांची खूण असलेली पेटी आहे’ असं सांगायचं.

तीन पात्यांच्या खुणेबद्दल एक बोलते. ही खूण सगळ्या जगाला कळते असं शास्त्रज्ञांना वाटत होतं. मग लोकांना दाखवून पाहिली, तर फार थोड्यांना अर्थ लागला. म्हणून २००७ मध्ये नवी खूण आली. लाल त्रिकोण, किरणांच्या रेघा, कवटी आणि पळणारा माणूस. ती मोठ्या धोक्याच्या उपकरणांवर आतल्या बाजूला लावायची, म्हणजे कोणी फोडायला लागलं तर दिसेल. चांगली गोष्ट आहे. पण थायलंडमध्ये २००० साली भंगारवाल्याकडे कोबाल्टचं यंत्र आलं तेव्हा त्यावर थाई भाषेत सूचनाच नव्हती. तिथे भंगार दुकानाच्या मालकिणीचा नवरा आणि दोन कामगार गेले. आपल्याकडच्या पेट्यांवर मराठी-हिंदीत दोन शब्द लिहायला काय खर्च येतो?

डॉक्टरांकडे गेलात, तर काय काम करता ते सांगा. विचारलं नाही तरी सांगा. घरातल्या दोघा-तिघांना उलट्या, केस गळणं, आणि चटका बसल्याचं आठवत नसताना हाताला किंवा मांडीला भाजल्यासारखा डाग, असं एकत्र दिसलं तर ‘मी भंगारात काम करते, अमुक वस्तू घरी आणली होती’ हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. परळला केईएम आहे, टाटा आहे. तिथे किरणांची माहिती असलेली माणसं आहेत. पण केसपेपरवर फक्त ‘उलट्या, अशक्तपणा’ लिहिलं तर ती तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत.

अजून एक, आणि हे घरोघर सांगायला हवं. बंद कुपीचे किरण लागलेला माणूस स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. त्याच्या शेजारी बसल्याने, त्याचं जेवण केल्याने काही होत नाही. पूड अंगावर सांडली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कपडे काढून धुवून तपासणी लागते. गोयानियात त्या सहा वर्षांच्या मुलीच्या दफनाच्या वेळी लोकांनी दगड मारले होते. इथे एखाद्या मुलीला असं काही झालं तर तिचं लग्न, तिचं गरोदरपण, तिला घरात ठेवायचं की नाही, हे ठरवायला नातेवाईक डॉक्टरला विचारणार नाहीत. तेव्हा आपल्या मंडळाला तिथे जाऊन बसावं लागेल.

आता जी गोष्ट मला सगळ्यात अडचणीची वाटते ती. या विषयावर वस्तीत बोलले तेव्हा एक मावशी पटकन म्हणाल्या, “बाई, फोन करू, पण पोलीस आधी मलाच नेतील ना?” चोरीचा माल जवळ बाळगणं हा गुन्हाच आहे, पूर्वीच्या दंड संहितेत होता तसा आताच्या न्याय संहितेतही आहे. माहीत नसताना जवळ असला तर गुन्हा होत नाही, हे कायद्याच्या पुस्तकात. चौकीत ते कोण ऐकतं? गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर म्हणायला कारण लागत नाही, हे तुम्ही मला शिकवलंय. गोयानियाची ती बाई कार्यालयात जाऊ शकली, कारण ती दुकानदाराची बायको होती. कचरा वेचणारी जाईल का? ती काय करेल, तर गुपचूप ती वस्तू दुसऱ्या भंगारवाल्याला विकून टाकेल, किंवा रात्री नाल्यात सोडून येईल. आणि तो तिचा दोष म्हणून पुन्हा अहवालात येईल.

म्हणून मागणीत पहिली ओळ हीच घालू या की अशी वस्तू सापडल्याचं जो कोणी कळवेल त्याला आरोपी करायचं नाही, तसं गृहखात्याने लेखी परिपत्रक काढावं. यंत्र हरवलं तर मालकाने चोवीस तासांत नियामक परिषदेला कळवायचं असा २००४ चा नियम सांगतो. ती बातमी त्याच दिवशी पेटीच्या चित्रासकट भंगार बाजारात आणि वस्त्यांत आली पाहिजे, कारण फाइलमधल्या बातमीचा आपल्याला उपयोग नाही. मोठ्या भट्ट्यांच्या दारात तपासणीची यंत्रं बसवण्याचा आग्रह धरला जातो. तो हवाच, पण भट्टी हा शेवटचा मुक्काम झाला. दारूखाना, कुर्ला, मानखुर्दच्या घाऊक वखारींत हातात धरायचं मोजणीयंत्र का नको? आणि नुकसानभरपाई. कामगाराला भरपाई मागायची तर मालक दाखवावा लागतो. वेचणाऱ्या बाईचा मालक कोण? यंत्र ज्याच्या नावावर होतं त्याने भरावी, मग ते चोरीला गेलेलं असो की विसरलेलं.

पुण्यात १९९३ पासून काम करणाऱ्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना ओळखपत्रं मिळवून दिली, मुंबईतही संघटनांनी ते काम केलं आहे. ज्या बाईच्या गळ्यात ओळखपत्र आहे ती चौकीत वेगळ्या आवाजात बोलते, हे मी पाहिलंय. ज्यांची ओळखपत्रं राहिली आहेत त्यांची यादी आज जेवणाच्या सुट्टीआधी मला द्या. चित्रांचा तक्ता मी आणलाय, जुनी खूण आणि नवी खूण, दोन्ही. प्रत्येक गटाने एक घेऊन जा. निवेदनाचा कच्चा मसुदा टेबलावर आहे, त्यात भाषा सरकारी झाली असेल तर खोडून तुमच्या शब्दांत लिहा. पुढच्या महिन्यात ते घेऊन आपण अणुशक्तीनगरला जाणार आहोत. किती जणी येणार, ते हात वर करून सांगा.